शिट्टीमागचा आवाज

लढाई थांबल्याचं रेडिओनं सांगितलं त्या दिवशी गोदाबाईच्या वावरात कापसाची पहिली वेचणी चालू होती. कमरेला ओट्या बांधून बाया ओळीओळीनं पुढं सरकत होत्या. पऱ्हाटी पांढरीफेक फुटली होती आणि वाळल्या बोंडांची टोकं नखांच्या मुळाशी टोचत होती. गावातून किसनराव मास्तर सायकल हातात धरून धुऱ्यापर्यंत, वावराच्या बांधापर्यंत आले आणि तिथूनच म्हणाले, "गोदाबाई, युद्ध थांबलं हो."

बायांचे हात थांबले. गोदाबाईनं ओटीतला कापूस दाबून बसवला.

"मंग पोट्टे कधी येतीन?"

ते रेडिओनं सांगितलं नव्हतं. मास्तर सायकल वळवून निघून गेले.

गोदाबाईचा थोरला नारायण फौजेत होता. होळीला सुटीवर आला तेव्हा बॅटरीवर चालणारा रेडिओ घेऊन आला होता. टाकळीत वीज नव्हती. गावात तोच एक रेडिओ. ओसरीत भिंतीला फळी ठोकून तो ठेवला, आणि रोज दिवेलागणीला निम्मं गाव ओसरीत येऊन बसायला लागलं. मग नारायण बर्फाच्या मुलखात गेला. दसऱ्यानंतर चीनशी लढाई पेटली आणि फळीवरच्या त्या डब्यातून कधी कोणी न ऐकलेल्या गावांची नावं यायला लागली. शेवटी सरकारची तार आली. मास्तरांनी ती वाचली. नारायण लापता. जिता म्हणत नव्हते, मेला म्हणत नव्हते.

त्या दिवसापासून गोदाबाईनं भाकर सोडली. कोणी फार म्हटलं तर पाण्यात कालवून चार घास घ्यायची. तेही खाऱ्या पाण्यात. टाकळीच्या विहिरींना गोडं पाणी कधी नव्हतंच. वावरात मात्र यायची. वेचता वेचता एकदा ओळीतच खाली बसली, ती उठलीच नाही. जमुनानं, नारायणच्या बायकोनं, तिला काखेत धरून धुऱ्यावरच्या बाभळीखाली आणलं. सासूचं अंग हातात कापसाच्या गाठोड्यासारखं हलकं लागलं, आणि जमुनाला त्याचीच भीती वाटली.

धाकटा उद्धव बंडीत कापूस भरत होता. तो अकोल्याला एका रेडिओच्या दुकानात दुरुस्तीचं काम करायचा. घरात गडीमाणूस उरला नाही म्हणून वेचणीपुरता परतला होता. धावत येऊन त्यानं आईच्या तोंडावर पाणी मारलं.

"माय, काहीतरी खाय वो."

"नाऱ्यानं काही खाल्लं असन का?" गोदाबाई डोळे न उघडता म्हणाली. "मले तेवढं सांग. मंग खातो मी."

त्या आठवड्यात महादेवराव आले. उद्धवच्या बापाचे थोरले भाऊ. बाप गेल्यापासून घरातलं बरंवाईट तेच बघायचे. ओसरीत बसले, पान लावलं. जमुना कापसातली सरकी काढून ठेवत होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"गोदे, मी खोटं बोलाले आलो नाही. नाऱ्या गेला. सरकार आज म्हनत नाही, उद्या म्हनीन. जवान बाई घरात अशी किती दिस ठेवशीन? तिचा भाऊ येईन अन् घेऊन जाईन. मंग वावराचा तिचा हिस्सा मांगतीन. त्यापरीस उद्धवसंगं तिचा पाट लावून दे. घरातली घरात राह्यते."

उद्धव दारात उभा होता. तो पुढं झाला. "काका, दादा जिता असला तं?"

"असला तं येतेच ना." महादेवरावांनी चुन्याचं बोट उंबरठ्याला पुसलं. "बैल हरवला तं आपन एक हंगाम वाट पाह्यतो. दुसऱ्या हंगामाले जोडी लावाच लागते. संक्रांत होऊ दे. मंग मी कोनाचं ऐकनार नाही."

जमुनाच्या हातातली सरकी सुपात पडत राहिली. महादेवराव उठून गेले तरी ती मान वर करेना. संध्याकाळी तिनं उद्धवला ताट वाढलं ते जमिनीवर ठेवून, हात न लागू देता. आजवर ती त्याला भाऊ समजून ओरडायची, हसायची. त्या दिवसापासून ती त्याच्या समोर उभी राहीनाशी झाली.

अकोल्याला असताना उद्धवनं एकदा गमतीनं एक यंत्र जोडलं होतं. मोडक्या सेटमधले व्हॉल्व्ह म्हणजे काचेच्या नळ्या, तांब्याच्या तारेचं वेटोळं, टेलिफोनच्या तोंडाचा तुकडा. त्यात बोललं की दुकानातल्या सगळ्या रेडिओंतून आवाज यायचा. मालकानं ते पाहिलं आणि लगेच शटर अर्धं खाली ओढलं. "हे कोनी पाह्यलं तं दोघंबी आत जाऊ," मालक म्हणाला. "रेडिओ ऐकाले लायसन लागते रे. बोलाले तं तुरुंग." यंत्र त्यानं तिथंच सुटं करायला लावलं. उद्धवनं सुटे भाग फडक्यात बांधून ट्रंकेत टाकले होते.

आता त्यानं ती ट्रंक वावरातल्या झोपडीत नेली. रानडुकरं फार झाली, जागलीला वावरातच राहतो, असं घरी सांगितलं. दुपारी बाया भाकरी खायला बसल्या की तो झोपडीत जायचा. बांबूच्या पेरावर तार गुंडाळायचा, एकाला एक चिकटून, अंगठ्यानं दाबत. तार सुटली की पुन्हा पहिल्यापासून. तार सांधायला, डाग द्यायला विस्तवात तापवलेली लोखंडी सळई होती. एकदा ती तळहाताला लागली. त्या हातानं त्यानं कापूस बांधला आणि बंडी हाकली, कोणाला दाखवलं नाही. अकोल्याहून बॅटरी आणली ती बैलांच्या ढेपेच्या पोत्यात घालून. बाभळीपासून झोपडीच्या बांबूपर्यंत हवेत तार ओढली आणि शेजारच्या ज्वारीवरची पाखरं उडवायला म्हणून तिला डबे टांगले. वाऱ्यानं डबे वाजायचे. वेचणाऱ्या बायांना त्या आवाजाची सवय झाली.

पहिल्यांदा यंत्र चालू केलं तेव्हा त्यानं तोंडातून शब्द काढला नाही. नुसती कळ फिरवली. घरी गेल्यावर आईला विचारलं, "आज रेडिओ बरा होता का?"

"शिट्टी वाजत होती," गोदाबाई म्हणाली. "लांबून कोनी वाजवावं तशी. मंग बारीक बारीक होत गेली."

ती शिट्टी यंत्राची होती. पोहोचलं होतं.

पुढं काय बोलायचं ते त्यानं ठरवलं होतं आणि ठरवलंही नव्हतं. आई पुन्हा ओळीत पडली. ह्या वेळी तिच्या ओठांच्या कडेला फेस आला होता. त्या संध्याकाळी बातम्या संपून बाजारभाव लागायच्या आधी ओसरीतल्या रेडिओतून शिट्टी आली. उंच आली, खाली उतरली, विरली. मग एक जाड, सावकाश आवाज आला.

"आता ऐका जवानांचे निरोप. टाकळी, तालुका दर्यापूर येथील जवान नारायण आपल्या आईस कळवतात की ते सुखरूप आहेत. काळजी करू नये. अन्न घ्यावे."

पुन्हा शिट्टी, आणि मागोमाग नागपूरचा बाजारभाव.

जमुना आत चुलीपाशी होती. तिच्या हातातली भाकर तव्यावर करपली, धूर झाला, तरी तिनं ती उलथली नाही.

गोदाबाई उठली, आत गेली, ती करपलेलीच भाकर तिनं तव्यावरून उचलली आणि उभ्यानं खायला लागली. घास गिळताना तिच्या मानेच्या शिरा हलत होत्या. "अन्न घ्यावे म्हनते," ती म्हणाली. "तिकून पाह्यून राहिला तो."

उद्धव घरी आला तेव्हा दारात माणसं होती. त्याला खांद्यावर थापा बसल्या. मास्तर म्हणाले, "अहो, मी स्वतः ऐकलं. दिल्लीहून याद्या येत असतील." महादेवराव येऊन गेले. पण पाटाची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

उद्धवला वाटलं होतं, एकदा सांगितलं म्हणजे झालं. पण आठ-दहा दिवसांनी आई पुन्हा ताट सरकवायला लागली. "आता निरोप येत नाही. बिमार तं नसन?" मग दुसरा निरोप आला, मग तिसरा. गावाला सवय लागली. शिट्टी आली की बोलणं बंद व्हायचं, बिडी विझायची.

संक्रांतीला जमुनाला बायांनी हळदीकुंकवाला बोलावलं. दिवाळीत ज्यांनी तिच्या कपाळाकडे नेलेलं बोट अर्ध्यावरून मागं घेतलं होतं, त्यांनीच ह्या वेळी ठसठशीत कुंकू लावलं. जमुना वाण घेऊन घरी आली आणि मागल्या दाराशी बराच वेळ बसून राहिली.

रोज येणाऱ्यांत पार्वताबाई होती. वेचणीच्या मजुरीवर जगणारी विधवा. तिचा खुशाल नारायणच्याच पलटणीत, त्याच्याच बरोबर गेलेला. ती ओसरीत वर बसायची नाही, पायरीशी बसायची. शिट्टी आली की पदर कानामागं सारायची. नारायणचं नाव यायचं, संपायचं.

"माह्या खुशालचं नाही आलं का वो?" ती दर वेळी विचारायची, तिला ऐकू आलं नसेल म्हणून.

"येईन," गोदाबाई म्हणायची. "नाऱ्याचं आलं तसं येईन."

एकदा वावरात वेचताना पार्वताबाई उद्धवजवळ आली. "बापू, तू रेडिओतलं जानतं. त्या मानसाले चिठ्ठी धाडता येते का? माह्या पोराचं नाव घे म्हनून?"

उद्धव बैलाचं जू सारखं करत राहिला. खुशालचं नाव घ्यायला जीभ उचलत नव्हती. एक खोटं आपल्या घरापुरतं होतं. दुसऱ्याच्या पोराचं जगणं-मरणं आपण कसं बोलावं, असं त्याला वाटलं. "पाह्यतो, काकू," एवढंच तो म्हणाला. पण यंत्रात ते नाव बोलला नाही.

माघ लागला. शेवटची वेचणी राहिली होती. पऱ्हाट्या काळ्या पडल्या होत्या, बोंडं किडकी. दर्यापूरच्या मोटारीतून फाट्यावर एक माणूस उतरला आणि काठी टेकत गावात आला. पायात बूट नव्हते, जाड पट्ट्या होत्या. पार्वताबाईनं त्याला ओळखलं ते तो अगदी अंगणात आल्यावर. खुशाल होता. थंडीनं त्याच्या पायांची बोटं गेली होती, डाव्याची सगळी, उजव्याची काही.

तो घरी पाणी प्यायला आणि तसाच गोदाबाईकडे निघाला. पार्वताबाई म्हणाली, "अरे, पहिले बस तं." तो म्हणाला, "नाही माय. पहिले तती जाऊ दे."

ओसरीत गोदाबाई तूर निवडत होती. जमुना दारात होती. उद्धव बैलांना पाणी दाखवून नुकताच आला होता. खुशाल पायरीवर बसला, काठी आडवी ठेवली.

"मावशी, तुमी ऐकलं असन. सरकारनं कळवलं का नाही?"

"कळवलं ना. रोज कळवते. सुखरूप आहे म्हनते."

खुशालनं उद्धवकडे पाहिलं, मग जमुनाकडे. त्याला काही समजेना. "कोन म्हनते?"

"रेडिओ."

"मावशी, नारायण गेला." तो हळू बोलत होता, वाटेनं येताना पुन्हा पुन्हा घोकून ठेवल्यासारखं. "दुसऱ्या दिवशीच गेला. नाल्यापाशी. मी जोळ होतो. माह्या मांडीवर डोस्कं होतं त्याचं. त्याचे डोये मी मिटले. मंग आमाले हुकूम आला, मांगं सरा म्हनून."

गोदाबाई सूप ठेवून उठली. तिच्या तोंडावर राग नव्हता, एक प्रकारची किळस होती.

"तू पळून आला."

"मावशी..."

"त्याचं नाव येते. तुह्यं एकदाही आलं नाही. तुही माय रोज इथं पायरीवर बसे. जे लढले त्यायचं नाव रेडिओ घेते. तू त्याले टाकून आला, अन् आता मेला म्हनून सांगतं."

खुशालनं उद्धवकडे पाहिलं, कोणीतरी मध्ये बोलेल म्हणून. उद्धवच्या हातात बादली होती. ती त्यानं खाली ठेवली, पुन्हा उचलली. खुशाल काठीवर जोर देऊन उठला. पायरी उतरताना त्याचा तोल गेला तेव्हा जमुनाचा हात पुढं झाला आणि तसाच थांबला.

महादेवरावांना कळलं तेव्हा ते खुशालच्या घरी गेले, त्याला जवळ घेतलं आणि चावडीपुढं म्हणाले, "ह्या पोरानं डोयानं पाह्यलं ते खरं. आता तरी गोदीनं ऐकावं." त्यांनी असं म्हणणं खुशालच्या मुळावर आलं. गाव म्हणालं, महादेवरावानं पढवून धाडला. वावर घरात ठेवायला नारायणला मारून टाकलं. मास्तरही म्हणाले, "आकाशवाणी खोटं सांगेल का? आणि हा एकटा खरं सांगेल?"

न्हाव्यानं खुशालची दाढी केली नाही, दुपारनंतर ये म्हणाला, आणि दुपारनंतर वस्तरा बोथट झाला होता. तो रस्त्यानं निघाला की कोणीतरी भिंतीआडून शिट्टी वाजवायचं. पार्वताबाईला वेचणीला बोलावणं बंद झालं. एका सकाळी तिच्या ताटीच्या दाराला काचेच्या बांगड्या दोऱ्यात ओवून बांधलेल्या सापडल्या. उद्धव बंडी घेऊन तिथूनच चालला होता. पार्वताबाई गाठ सोडवत होती. गाठ सुटेना म्हणून ती दातानं तोडत होती. खुशाल अंगणात उन्हाला पाय पसरून पट्ट्या उलगडत होता. उघडे पाय त्याचे नव्हतेच जणू. काळसर, आखूड, पुढून कापलेले. त्यानं वर पाहिलं आणि उद्धवला हात केला. उद्धवनं बैलांना पराणी टोचली.

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी खुशाल वावरात आला. गावापासून तिथवर काठी टेकत चालत येणं त्याला किती जड गेलं असेल ते त्याच्या पट्ट्यांवर दिसत होतं. त्या ओल्या झाल्या होत्या. तो झोपडीच्या दारात बसला. आत कोपऱ्यात यंत्रावर पोतं झाकलेलं होतं.

"उद्धव, तू शिकला त्यातलं. म्हनून तुले इचारतो. दिल्लीत हे नावं कोन लिह्यते?"

"मले काय माईत?"

"म्हंजे पाह्यल्याशिवाय तं लिह्यत नसतीन."

वरच्या तारेवरचे डबे वाऱ्यानं वाजले. खुशाल दचकला आणि मग स्वतःवरच ओशाळला.

"मी रोज आठोतो," तो म्हणाला. "त्याचं डोस्कं माह्या मांडीवर होतं. गार होतं. पन तती सगळंच गार होतं रे. माह्ये हात गार होते. त्याचा सास चालू असता तरी मले लागला नसता. डोये मिटले म्हनतो मी, पन त्यानंच मिटले असतीन तं? झोपला असन तं? अन् हुकूम आला अन् मी उठलो." त्यानं उद्धवचं मनगट पकडलं. "मी जित्या मानसाले सोडून तं नाही आलो?"

उद्धवनं कोपऱ्यातल्या पोत्याकडे पाहिलं. सांगून टाकावं, असं त्याला वाटलं. पोतं उचललं असतं तरी पुरलं असतं, बोलायची गरज नव्हती. पण मग आई. मग काका, पाट, आणि मागल्या दाराशी बसणारी जमुना. आणि पोलीस. एवढं सगळं त्याच्या डोक्यातून जाईपर्यंत खुशालनं मनगट सोडलं होतं.

"तुले राग आला असन," खुशाल म्हणाला. "तुहा भाऊ आहे. माह्या तोंडाकडं पाह्यवत नसन तुले."

"नाही रे, तसं नाही."

"जातो."

तो गेला. ओळींच्या मधून त्याची काठी आणि वर-खाली होणारी मान कितीतरी वेळ दिसत राहिली.

त्या रात्री त्याला झोप आली नाही. सकाळी चुलीपाशी आई दात घासत बसली होती, तिच्यासमोर जाऊन बसला. "माय, एक सांगतो," म्हणाला. गोदाबाईनं वर पाहिलं. तिच्या गालांवर थोडं मांस चढलं होतं. तिनं विचारलं, "आज निरोप येईन का रे?" तो उठून वावरात गेला.

संध्याकाळी बातम्या संपल्या. ओसरी भरली होती. शिट्टी आली, उतरली, आणि नेहमीचा जाड आवाज न येता दुसराच आला, धाप लागलेला.

"मी उद्धव बोलून राहिलो. टाकळीचा. हे नागपूर नाही. आमच्या वावरातल्या झोपडीतून बोलून राहिलो. नारायणदादाचे निरोप कोनी धाडले नाही. ते मीच बोललो. माय जेवत नव्हती म्हनून बोललो. खुशाल खोटा नाही. खुशालनं पाह्यलं तेच खरं आहे. खुशाल, तू ऐकत असशीन तं ऐक. तू जित्या मानसाले सोडून आला नाही."

ओसरीत माणसं एकमेकांकडे बघायला लागली. गोदाबाई म्हणाली, "बंद करा ते."

"उद्धवचाच आवाज आहे ना?" कोणीतरी म्हणालं.

"माह्या पोराचा आवाज चोरला कोनी," गोदाबाई म्हणाली. "मास्तर, तुमीच नव्हते म्हनले? दुश्मन रेडिओवर खोटं बोलते म्हनून?"

मास्तरांनी मान हलवली. ते तसं म्हणाले होते.

तेवढ्यात उद्धव आलाच. धावत आला होता. दोन्ही हातांत यंत्र कवटाळून. तुटलेली तार मागं जमिनीवर फरफटत होती, तिला एक डबा तसाच अडकलेला. त्यानं ते ओसरीच्या मधोमध ठेवलं. लाकडी फळी, बांबूचं पेर, दोन काचेच्या नळ्या. माणसं मागं सरकली.

"मीच बोललो, माय. हे पाह्य. ह्यातून."

गोदाबाईनं त्या वस्तूकडे पाहिलं. मग फळीवरच्या रेडिओकडे पाहिलं. बराच वेळ दोन्हींकडे आलटून पालटून पाहत राहिली. "एवढुशा लाकडातून नाऱ्या बोलते का?" ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

पायरीशी पार्वताबाई उभी होती. खुशालवरचा डाग आता जाईल, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर यायला हवं होतं. ते आलं नाही.

"काकू, खुशाल कुठं आहे?" उद्धवनं विचारलं. "त्यानं ऐकलं का?"

"तो दुपारच्या मोटारीनं गेला," ती म्हणाली. "म्हने, नारायणले आनाले जातो. तिकडं राह्यला असन म्हने तो. मी पाय धरले त्याचे. पाय धरले तं ओरडला, दुखते म्हने. म्हनून सोडले."

उद्धव मास्तरांची सायकल घेऊन तसाच दर्यापूरला गेला. मोटार केव्हाच पुढं गेली होती. पहाटे अकोल्याच्या स्टेशनवर त्यानं फलाट पालथा घातला. काठी टेकणारा, पायाला पट्ट्या बांधलेला एक माणूस कलकत्त्याच्या गाडीत चढताना एका हमालानं पाहिला होता. त्याला वर चढता येत नव्हतं म्हणून हमालानंच हात दिला होता.

उद्धव परतला तेव्हा जमुना वावरात एकटीच होती. कपाळावरचं कुंकू तिनं पुसलं होतं. कोणी पुसायला आलं नव्हतं, सकाळी तिनं स्वतःच ओल्या पदरानं पुसलं आणि कामाला आली. ती किडकी बोंडं तोडत होती. कितीतरी दिवसांनी ती त्याच्याकडे पाहून बोलली.

"मले पहिल्याच दिवशी समजलं होतं, भाऊजी."

"आवाजावरून?"

"आवाज तुमी बदलला होता. पन तुमचे दादा 'अन्न घ्यावे' म्हनले नसते. 'म्हातारीले भाकर खाऊ घाल' असं ते माहं नाव घेऊन म्हनले असते." तिनं ओटी सारखी केली. "मी बोलली नाही. ते तती जिते होते तवर मले कोनी हात लावत नव्हतं."

उद्धव ओळीत खाली बसला.

"तुमी एकट्यानं नाही केलं," जमुना म्हणाली. "खुशाल पायरीवर बसला होता, तवा मले सांगता आलं असतं. मी हात पुढं केला अन् मांगं घेतला." मग थोड्या वेळानं, "काका येतीन आता. तुमी त्यायले काय म्हनाचं ते म्हना. मी माहेरी जात नाही अन् पाट लावत नाही. वावरातून मले ओढून काढा म्हनाव."

दुसऱ्या दिवशी दर्यापूरहून जमादार आणि दोन शिपाई आले. कोणी कळवलं ते विचारायची गरज नव्हती. महादेवराव त्यांच्याबरोबरच चालत होते. यंत्र पोत्यात घातलं. बाभळीवर उरलेली तार काढायला शिपाई झाडावर चढला, त्याच्या हाताला काटे भरले आणि तो उद्धववर ओरडला. उद्धवनंच मग वर चढून तार सोडून दिली. जमादारानं चावडीत विचारलं, "चीनला काय काय कळवलं?" उद्धव म्हणाला, "मायले जेव म्हनून कळवलं." एक थोबाडीत बसली. नंतर त्याला दोरानं बांधून फाट्यापर्यंत चालवत नेलं. वाटेवरच्या दारांतून माणसं पाहत होती. त्यांतल्या कोणी काही म्हटलं नाही, शिट्टी तर नाहीच.

गोदाबाई ओसरीत बसून होती. पोराला नेताना तिनं पाहिलं. "लवकर येजो," एवढंच म्हणाली, बाजाराला निघाल्यासारखं.

संध्याकाळी ओसरीत कोणी आलं नाही. जमुनानं दिवा लावला आणि आत जाऊन चूल पेटवली. गोदाबाईनं उठून रेडिओचं बटण फिरवलं. बातम्या लागल्या. थोड्या वेळानं अंगणात पावलं वाजली. पार्वताबाई होती. ती नेहमीप्रमाणे पायरीशी थांबली.

तिनं दोनच दिवसांपूर्वी इथं सगळं ऐकलं होतं. यंत्र डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यातल्या काचेच्या नळ्या, बांबूचं पेर. हा डबा काय सांगू शकतो आणि काय नाही, हे गावात आता तिच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं.

गोदाबाईनं घोंगडीवर सरकून जागा केली. "पार्वता, वर ये. तती काहून बसतं?"

पार्वताबाई वर आली. पहिल्यांदाच आली. घोंगडीच्या कडेला अंग चोरून बसली.

बातम्या संपल्या. मध्ये जराशी शांतता झाली, तेवढ्यात तिनं पदर कानामागं सारला.

"माह्या खुशालचं येईन का वो आज?"

"येईन," गोदाबाई म्हणाली. "दोघाईचं संगंच येईन."

रेडिओतून कापसाचे भाव यायला लागले. दोघी ऐकत बसल्या.